गाडी कुठं टाकू, साहेब?

गाडी ठोकली की आमच्या सोलापूरचा माणूस पहिला फोन मेव्हण्याला करतो. दुसरा, मेव्हण्याच्या ओळखीत जो कोण असेल त्याला. आणि या दोघांनी मिळून सगळं वाटोळं करून ठेवलं, की तिसरा फोन मला. तोवर गाडी कुठल्या तरी गॅरेजच्या दारात जाऊन पडलेली असते, निम्मी खोललेली असते आणि वर मलाच प्रश्न, "साहेब, हितं टाकली ते बरं केलं न्हवं?"

काय सांगायचं अशा माणसाला?

मी विम्याचा सर्व्हेअर होतो. होतो म्हणायचं, कारण गुडघे गेल्यावर सोडलं. हे काम काय असतं ते लोकांना शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकतो. गाडीला अपघात झाला की ती किती मोडली, काय बदलायचं, काय ठोकून सरळ होतं, हे बघून जो लिहून देतो तो सर्व्हेअर. दुरुस्ती झाली की तोच परत येऊन बघतो, कबूल केलेलं काम झालंय का. तो पास म्हणाला की विषय मिटला. मी कंपनीचा नोकर नव्हतो आणि गाडीवाल्याचा सोयरा पण नव्हतो. पण कंपनीला वाटायचं हा गाडीवाल्याला सामील. गाडीवाल्याला वाटायचं हा कंपनीचा हेर. गॅरेजवाल्याला वाटायचं, ह्याला चहाबरोबर अजून काय द्यावं म्हणजे हा लवकर जाईल. तीस वर्षं या तिघांच्या मधे उभं राहून काढली. डोकं शाबूत आहे याचंच नवल.

लोकांच्या तऱ्हा तरी किती सांगाव्यात! कापडाचे एक व्यापारी होते. गाडीचा पुढचा भाग पार चेपलेला. मी बघायला गेलो तर गाडी धुऊन, पुसून, वर पॉलिश मारून उभी. म्हटलं, "अहो शेटजी, हे काय केलंत? धडक कशाला बसली, कुठून बसली, ते मला त्या मातीवरून, रंगावरून कळतं." तर म्हणतात, "साहेब येणार, आणि घाण गाडी कशी दाखवायची? बरं दिसतं का?" मी कपाळावर हात मारला. त्यांनी माझ्यासाठी लस्सी मागवली.

गॅरेज निवडायच्या तर एकेक कथा. एकानं गॅरेज निवडलं कारण त्याचं दार पूर्वेला होतं. एकानं निवडलं कारण तिथं काचेची खोली होती, आत थंड हवा होती आणि बायकोला बसायला सोफा होता. एक निवृत्त हेडमास्तर तर सहा गॅरेजं हिंडले, सगळीकडून खर्चाचा अंदाज लिहून आणला आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडं गाडी टाकली. "मोत्यासारखं अक्षर आहे हो. काम वाईट कसं करेल?" गाडी परत आली तेव्हा दोन दारं दोन वेगळ्या पांढऱ्यांची होती. मास्तर मला म्हणाले, "ऊन कमी झालं की फरक दिसत नाही."

गॅरेज पुढून बघायचं नसतंच मुळी. मागं जाऊन बघायचं. मागच्या अंगाला मोडक्या, काढून टाकलेल्या भागांचा ढीग पडलाय का? पडला असेल तर हा माणूस खरंच भाग बदलतो. नसेल तर तो जुनंच ठोकतो, वर पुट्टी थापतो, रंग मारतो आणि बिल नव्याचं लावतो. अर्धवट काम झालेली एखादी गाडी उभी असेल तर तिच्याजवळ जायचं. मालक हसत हसत जाऊ देतो की "साहेब, तिकडं लई धूळ हाय" म्हणून अडवतो, तेवढ्यात सगळं समजतं. सांगाडा वाकलेला असताना वरून पत्रा सुंदर करता येतो, हे गाडीवाल्याला माहीत नसतं. त्याला रंग दिसतो. मला सांगाडा बघावा लागायचा.

मग तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत होतं तर लोकांना सांगत का नव्हता?

इथंच तर माझं घोडं पेंड खायचं. धंद्यात नवा होतो तेव्हा एका ओळखीच्या माणसाला सरळ सांगितलं, अमक्याकडं टाका, काम चोख करतो. त्यानं टाकली, काम चोख झालं. आणि महिन्याभरात शुक्रवार पेठेत माझ्याच गल्लीत मला ऐकायला मिळालं, "साहेबाचं तिथं काहीतरी आहे बरं का. उगीच कोण कुणाचं नाव सांगतंय!" ज्याचं काम चांगलं झालं तोच सांगत हिंडत होता. त्या दिवशी कानाला खडा लावला. सर्व्हेअरनं कुठल्या गॅरेजचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्यातला शहाणपणाचा पायंडा होताच, मी तो व्रतासारखा धरला. कुणी विचारलं, "गाडी कुठं टाकू, साहेब?" की माझं ठरलेलं उत्तर, "तुमची मर्जी."

बायको चिडवायची. जेवताना विचारायची, "भाकरी वाढू का, का तुमची मर्जी?"

आता महादेवीची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच लिहायला बसलोय, बाकीचं सगळं आपलं लांबण.

महादेवी कुंभारीची. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. आधी नवरा चालवायचा, त्याच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यावर ही शिकली आणि स्वतः बसली. गावातली मुलं सोलापूरला शाळेत सोडायची, दुपारी परत न्यायची. घर त्या व्हॅनवर. दसऱ्याच्या आधी दोन-अडीच आठवडे असतील. ऊसतोडीची टोळी आणायला निघालेला एक ट्रॅक्टर, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या, भल्या सकाळी रस्त्यातच उभा. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. चालक उतरून दात घासत होता म्हणे! पाऊस भुरभुरत होता आणि महादेवीची व्हॅन डाव्या अंगानं ट्रॉलीवर जाऊन आदळली. नशीब, पहिल्या मुलाचं घर पुढं होतं. गाडीत एकटी होती. कपाळाला चार टाके पडले.

मी बघायला गेलो तेव्हा कपाळावर पट्टी, पदर खोचलेला आणि हातात एका मुलाची पाण्याची बाटली. आदल्या दिवशी गाडीत राहिलेली. मी वाकून खालून बघितलं. डावीकडचा सांगाडा आत ढकलला गेला होता. पत्र्याचं काही वाटत नाही, पत्रा कुणीही सरळ करतो. सांगाडा ओढून मापात आणणं हे सोलापुरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांचं काम.

ती म्हणाली, "साहेब, गाडी कुटं टाकू ओ? तुमीच सांगा की. चौदा लेकरं बसत्यात माज्या गाडीत."

चौदा बसायला पाहिजेत का, हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, "तुमची मर्जी."

"माजी कसली मर्जी? मला काय कळतंय त्यातलं?"

तेवढ्यात तिचा दीर पुढं झाला. "वैनी, साहेबाला कशाला तरास? माज्या साडूचं गॅरेज हाय की. घरचा माणूस. खंडेनवमीला गाडी दारात उभी करतो म्हणलाय, पूजेला."

साडूचं गॅरेज मला ठाऊक होतं. काचेची खोली, सोफा, मोठा बोर्ड. मागं ढीग नाही. मी तोंड उघडलं होतं, खरंच सांगतो, उघडलं होतं. पण दिरानं माझ्याकडं बघितलं, आणि मला ती जुनी गल्लीतली कुजबुज आठवली. मी तोंड मिटलं. महादेवी माझ्याकडं बघत होती, मी कागदाकडं बघत होतो. "सोयऱ्याला डावलून दुसरीकडं टाकली तर भांडण लागंल घरात," ती पुटपुटली आणि गाडी साडूकडं गेली. मी लिहून दिलं, सांगाडा ओढून मापात आणणे. लिहिलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

माझा एक नियम होता. दुरुस्तीनंतर गाडी पास करायच्या आधी मी ती स्वतः चालवायचो. सरळ रस्त्यावर आणून स्टिअरिंग क्षणभर सैल सोडायचं. सांगाडा मापात नसेल तर गाडी आपोआप एका बाजूला जाते. तिला खोटं बोलता येत नाही. सगळे गॅरेजवाले माझ्या त्या चक्करला वैतागायचे. "साहेबाला फिरायची हौस हाय," म्हणायचे.

खंडेनवमीला सकाळी साडूचा फोन. "साहेब, गाडी तयार. गॅरेजवर येऊ नका, मी कुंभारीला दारातच पोचवलीय. तितंच बघून घ्या."

खंडेनवमीला आमच्याकडं घरोघरी शस्त्रांची, अवजारांची, वाहनांची पूजा असते. शिवणयंत्रापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजायचं आणि पुजलेलं त्या दिवशी वापरायचं नाही. विसावा द्यायचा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघनाला काढायचं. मी कुंभारीला पोचलो तर व्हॅन अंगणात उभी. बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा जाडजूड हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं, समोर फोडलेला कोहळा. मुलं जमलेली. महादेवीनं नवी इरकली नेसलेली, नवरा पाठीला पट्टा बांधून खुर्चीवर बसलेला. तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी म्हणालो, "किल्ली द्या, एक चक्कर मारतो."

 नवरा म्हणाला, "साहेब, पुजलीय ओ. आज न्हाय हलवायची. उद्याच." मी म्हटलं, "बरं, बॉनेट तरी उघडा." साडू लगेच पुढं. "हार तुटंल की साहेब. सणाचं अपशकुन कशाला?" आणि महादेवी हात जोडून उभी. ती साडूच्या बाजूनं नव्हती, देवाच्या बाजूनं होती. मी काय करायचं?

मी काय करायला पाहिजे होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणायचं होतं, उद्या येतो. एवढंच. पण उद्या दसरा, परवा बार्शीला दुसरी गाडी, आणि पेढा तोंडात. हाराच्या वरून दोन्ही दिवे बघितले, रंग बघितला, दार उघडून मिटून बघितलं. पास म्हणून सही केली आणि गाडीला नमस्कार करून आलो. तो हार बॉनेट आणि बाजूच्या पत्र्यामधल्या फटीवरच टाकलेला होता. सांगाडा वाकडा, म्हणजे फट एका बाजूला करंगळीएवढी, दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढी असणार. साडूला माहीत होतं, हार घातलेली गाडी कुणी तपासत नाही. मला तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं, त्याला सुचलं. माझाच राग मला अजून येतो.

दीड-दोन महिने गेले. एके दिवशी दुपारी दार वाजलं. बायकोनं उघडलं आणि तिची आणि कुणाची तरी कानडी सुरू झाली. "बर्री, कुंदर्री," बायको म्हणत होती, या, बसा. मी बाहेर आलो तर महादेवी. रिक्षातनं आली होती आणि बरोबर टायर आणला होता. आख्खा टायर, दोन्ही हातांनी कवळून आणून तिनं तो आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला.

"बगा साहेब," म्हणाली. "पुढचा डावा. नवाच टाकला हुता."

एका कडेनं टायर खाऊन तारा बाहेर आल्या होत्या. दुसरी कड कोरी. मला बघायचीही गरज नव्हती.

"गाडी डावीकडं वडतीया," ती सांगायला लागली. "दोनी हातानं धरून बसते मी. शाळंपतूर खांदं भरून येत्यात. भाऊजीचा साडू म्हणतुया, नवी सवय हाय, बसंल. मी लेकरं बसवना झाले आता. आठ दीस झालं. आया येऊन भांडत्यात, म्हणत्यात दुसरी गाडी लावतो. लावा म्हणलं. फुटला टायर तर कुनाला तोंड दाखवू?"

बायको पाणी घेऊन दारातच उभी राहिली होती. महादेवीनं पाणी घेतलं नाही. मला वाटलं आता ती म्हणणार, तुम्हीच पास केली. म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती टायरकडं बघत होती. मग मान वर केली आणि म्हणाली, "साहेब, एक इचारू? तुमची सोताची गाडी कुटं टाकता ओ तुमी?"

तीस वर्षं लोकांनी मला शेकडो वेळा विचारलं, आमची गाडी कुठं टाकू. तुमची कुठं टाकता, हे एकानंही विचारलं नव्हतं. आणि या प्रश्नाला "तुमची मर्जी" हे उत्तरच होत नव्हतं.

"सलीमभाईकडं," मी म्हणालो.

बायको दारातनं म्हणाली, "मग हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" एवढ्या वर्षांत चिडवताना तिचा आवाज असा कधी लागला नव्हता.

सलीमभाईचं गॅरेज आमच्याच पेठेच्या मागं. बोर्ड नाही, सोफा नाही, बसायला जुन्या जीपची सीट. मागं ढीग मात्र पुरुषभर उंच. माझी गाडी दोनदा ठोकली, दोन्ही वेळा तिथंच. मी दुसऱ्या दिवशी महादेवीला घेऊन गेलो. ती व्हॅन सावकाश, रिकामी चालवत आली. मी शेजारी बसलो होतो. तिच्या हातांकडं बघवत नव्हतं, दोन्ही मनगटं ताठ, स्टिअरिंग उजवीकडं ओढून धरलेलं. सरळ रस्ता होता.

सलीमभाईनं बॉनेट उघडलं, खाली शिरला, मग कोनाड्यातनं सुताची दोरी काढली. त्याची मापायची पद्धत साधी. सांगाड्यावरच्या एका कोपऱ्यातल्या भोकापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत दोरी ताणायची, गाठ मारायची. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तीच दोरी. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. घडी घातलेला रुमाल चौकोनी आहे का हे आपण बघतो, तसंच. त्यानं दुसऱ्यांदा दोरी ताणली. गाठ कोपऱ्याच्या दोन बोटं अलीकडं थांबली. त्यानं नखानं रंग खरवडला, खालनं पुट्टीचा पापुद्रा निघाला. सांगाडा कुणी ओढलाच नव्हता. वरून पत्रा बसवला होता.

सलीमभाई बाहेर आला, हात पुसले आणि चिडून म्हणाला, "साब, इसमें बच्चे बैठते बोल रई ये. ये गाडी पास कौन करा?"

महादेवी चाकाकडं बघत होती. ती सांगणार नव्हती, हे मला कळलं. अंगणातल्या हारामागं मला लपता आलं होतं, इथं काही नव्हतं.

"मैंइच करा," मी म्हणालो.

सलीमभाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या चक्करची हौस त्याला चांगली माहीत होती, माझ्या चकरांना सगळ्यात कमी वैतागायचा तोच. त्यानं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "पकडो." मी वाकलो आणि धरलं.

त्या संध्याकाळी कंपनीला लिहून दिलं, माझी दुसरी पाहणी चुकली, गाडी न चालवता पास केली, चूक माझी. तसं कुणी लिहीत नाही. कंपनीतल्या साहेबांचा फोन आला, "अहो, असं लिहून कुणी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो का?" त्यानंतर त्यांच्याकडची कामं माझ्याकडं यायची कमी झाली, मग थांबली. मी भांडायला गेलो नाही. साडूच्या गॅरेजवर मात्र गेलो. काचेच्या खोलीत, सोफ्यावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्याला काय वाटेल ते बोललो. तो म्हणाला, "साहेब, सही तुमची हाय की." खरं होतं. ते ऐकून मी खाली मान घालून घरी आलो, आणि त्या रात्री जेवलो नाही.

व्हॅन सलीमभाईनं नीट केली. महादेवीच्या चौदांपैकी नऊ मुलं परत आली. पाच दुसऱ्या गाडीत गेली ती गेली. दिराच्या घरी तिचं जाणं-येणं वर्षभर बंद होतं.

आता मी नाव सांगतो. कुणी विचारलं तर सांगतो, न विचारलं तरी सांगतो. भाजी घेताना सांगतो, दवाखान्यात नंबर लावून बसलेलो असताना सांगतो. लोक म्हणतात, ह्याचं तिथं काहीतरी आहे. म्हणोत.

आणि दर खंडेनवमीला सकाळी सकाळी आमच्या दारात हॉर्न वाजतो. महादेवीची व्हॅन उभी असते. धुतलेली, पुसलेली, पण बोडकी. कुंकू नाही, लिंबू नाही, हार मागच्या सीटवर पिशवीत. ती खाली उतरून किल्ली माझ्यापुढं धरते.

"साहेब, आदी एक चक्कर मारा. मग हार घालते."

मी ओरडतो, अगं माझे गुडघे गेलेत, चढता येत नाही तुझ्या गाडीत. ती ऐकत नाही. बायको आतनं म्हणते, जावा की, वाट बघतीय ती. मी चरफडत चढतो, सरळ रस्त्यावर आणतो आणि स्टिअरिंग सैल सोडतो. गाडी सरळ जाते. आता तिनं दुसरी व्हॅन घेतलीय, त्यामुळं दोन चकरा माराव्या लागतात.